बाहेरच्या बनावटीच्या मॅगझिनमध्ये काडतूस अडकते: दोष मॅगझिनचा की रायफलीचा?

काळी_माती

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातला कापूस आणि तुरीचा शेतकरी आहे. वडिलांकडून रीतसर माझ्या परवान्यावर आलेली पॉइंट टू-टू बोअरची ब्रनो मॉडेल २ रायफल माझ्याकडे आहे. ती जुन्या चेकोस्लोव्हाकियातली बोल्ट अ‍ॅक्शनची असून तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, दर गोळीमागे हाताने ओढावा लागतो; तिला पाच काडतुसांचे, काढता येणारे मॅगझिन आहे. महिन्यातून दोनदा मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या रेंजवर सरावाला जातो. यापलीकडे तिचा दुसरा उपयोग मी करत नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा करावी लागली होती. ती परत आणल्यावर पावसाळाभर कापडी खोळीतच राहिली आणि मूळ मॅगझिनच्या अंगावर गंज चढला. ती चूक माझीच आहे. ते मॅगझिन मी साफ केले, ते अजून चालते, परंतु त्याच्यावर एकट्यावर किती दिवस विसंबायचे, म्हणून परवानाधारक दुकानातून त्याच मापाची असल्याचे सांगितलेली दोन नवी मॅगझिने घेतली. कोणत्या कारखान्यात बनली हे डबीवर छापलेले नाही.

तेव्हापासून त्रास सुरू झाला आहे. कधी काडतुसाचे टोक चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) खालच्या कडेवर आपटते आणि मऊ शिशाच्या गोळीला चपटा डाग पडतो. कधी बोल्ट काडतुसावरून सरळ निघून जातो आणि चेंबर रिकामेच राहते. आमच्या गावचा ट्रॅक्टर मेकॅनिक म्हणतो की पकडीने मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस अडवून धरणाऱ्या वरच्या दोन कडा थोड्या वाकवल्या की दहा मिनिटांत काम होईल. त्याच्या हाताला गुण आहे, पण माझे मन धजत नाही. अनुभवी मंडळींनी मार्ग दाखवावा.

वऱ्हाडी_नेमबाज

भाऊ, पकड आधी बाजूला ठेवा. दोनच प्रश्न विचारतो. मूळ मॅगझिनमध्ये हा त्रास एकदाही होत नाही का? आणि तिन्ही मॅगझिनांत एकाच पेटीतली काडतुसे वापरली होती का?

काळी_माती

काडतुसे एकाच पेटीतली होती. मूळ मॅगझिनमध्ये मला तरी आठवत नाही, पण मी मोजून पाहिलेले नाही.

आर्मरर_पुलगाव

मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आणि आता पुलगावजवळ राहतो. "मला आठवत नाही" हे उत्तर मी जवानांकडून शेकडो वेळा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी वही काढायला लावली आहे. आपणही तेच करावे, कारण मॅगझिनचा दोष शोधण्याची खरी किल्ली त्या वहीतच सापडते.

आधी सुरक्षिततेचे सांगतो आणि यात कोणतीही सूट घेऊ नये. घरी जी काही तपासणी कराल ती केवळ डमी, म्हणजे न फुटणाऱ्या नकली, काडतुसांवर करा आणि खरी काडतुसे त्या वेळी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. चेंबर स्वतः पाहा, बोटाने चाचपा आणि घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही पाहायला सांगा. रेंजवर खरे काडतूस अर्धवट अडकले तर नळी निशाण्याच्या दिशेनेच ठेवून आधी मॅगझिन काढा आणि मग बोल्ट हळू मागे घ्या. स्क्रू-ड्रायव्हर किंवा चाकू खुपसून काडतूस उचकटू नका. पॉइंट टू-टू काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच पसरलेला असतो आणि ती कड चिरडली गेली तर काडतूस चेंबरच्या बाहेरच फुटू शकते. घोडा दाबूनही गोळी सुटली नाही, तर लगेच बोल्ट न उघडता निदान ३० सेकंद नळी समोर धरून थांबा.

आता वहीचे पाहू. तिन्ही मॅगझिनांच्या तळाला रंगाने १, २ आणि ३ असे आकडे टाका. मूळ मॅगझिनला १ क्रमांक द्या. रेंजवर प्रत्येक मॅगझिन दहा वेळा भरा आणि अडथळा आला की चार गोष्टी टिपून ठेवा: मॅगझिनचा क्रमांक, कितवे काडतूस होते, टोक कोठे अडकले आणि बोल्ट कोठे थांबला. एवढ्यावरून बहुतेक वेळा दोषी सापडतो. अडथळा एकाच मॅगझिनमागे फिरत असेल तर दोष मॅगझिनमध्ये आहे. तिन्हींत सारखाच येत असेल तर मॅगझिन निर्दोष असून रायफल, चेंबर किंवा काडतुसाकडे वळावे लागेल. झाडलेले पुंगळे बाहेर न पडणे ही तर बहुधा मॅगझिनची तक्रारच नसते. ते एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळा ओढून काढणाऱ्या आकड्याचे) किंवा मळलेल्या चेंबरचे काम असते, आणि लोक त्यासाठी विनाकारण नवी मॅगझिने घेत बसतात.

वही हाती येईपर्यंत मॅगझिनच्या कडांना हात लावू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

धुऱ्यावरची_बाभूळ

माझ्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर .३१५ बोअरची रायफल आहे. तिचे मॅगझिन मूळचे, कारखान्याचेच आहे, तरीही मला वर्षभर हाच त्रास होत होता आणि त्याचे कारण मॅगझिन नसून माझी भरण्याची पद्धत निघाली, म्हणून लिहितो.

.३१५ काय किंवा पॉइंट टू-टू काय, या काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या मागे जाऊन बसली, तर बोल्ट वरचे पुढे ढकलतो तेव्हा ते खालच्यालाही सोबत ओढू पाहते आणि दोन्ही जागच्या जागी अडकतात. मी रात्री वावरात रोही (नीलगाय) शिरले की बॅटरीच्या उजेडात घाईघाईने मॅगझिन भरत असे, फटाके वाजवून नाही भागले तर निदान हवेत बार काढता यावा म्हणून. एका जुन्या शिकाऱ्याने मला दाखवले की प्रत्येक नवे काडतूस खालच्याच्या पुढे कड ठेवून आत सरकवायचे आणि पूर्ण मागे बसवायचे. त्या दिवसापासून अडथळा जवळजवळ नाहीसा झाला. काळी_माती भाऊ, भरून झाल्यावर मॅगझिन बाजूने धरून काडतुसांच्या कडा कशा बसल्या आहेत ते एकदा पाहून घ्या.

आर्मरर_पुलगाव

बाभूळ यांनी फार उपयोगी गोष्ट सांगितली. तरी हवेत बार काढण्याबद्दल एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. वर गेलेली रायफलीची गोळी कोठेतरी खाली येतेच आणि रात्री शेजारच्या वावरात जागलीवर माणसे असतात. हा विषय इथे वाढवत नाही, पण कृपया ते करू नका.

धुऱ्यावरची_बाभूळ

आपले म्हणणे मान्य आहे. ते मी बंद केले आहे, आता झटका-मशीनचे कुंपण घातले आहे.

तुषार_टेक्सास

मी मूळचा दारव्ह्याचा असून सध्या टेक्सासमध्ये राहतो. इकडे सेमी-ऑटोमॅटिक (गोळी सुटली की पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफली आणि बाहेरच्या बनावटीची मॅगझिने हा रोजचाच विषय आहे, म्हणून माझा अनुभव मांडतो.

माझ्याकडे रुगर १०/२२ आहे. हे मॉडेल १९६४ पासून बनते आहे आणि त्याचे मूळ मॅगझिन दहा काडतुसांचे, गोल फिरणाऱ्या चाकाचे असते. प्रत्येक काडतूस चाकाच्या वेगळ्या खाचेत बसत असल्यामुळे कडेत कड अडकण्याचा प्रश्नच येत नाही, शिवाय काडतुसाला दिशा देणाऱ्या कडा पोलादाच्या असतात. मी हौसेने दुसऱ्या एका कंपनीची लांब, वाकडी, पूर्ण प्लॅस्टिकची मॅगझिने घेतली आणि दोनशे-तीनशे गोळ्यांतच त्यांच्या कडा झिजून काडतुसे वाकडीतिकडी वर येऊ लागली. पुढे मी कुठलेही मॅगझिन घेताना आधी एवढेच पाहतो की कडा कशाच्या आहेत.

माझ्या एआर-१५ रायफलीच्या मॅगझिनांत दुसरा दोष होता. काडतुसे उचलणारी आतली पट्टी, जिला इकडे फॉलोअर म्हणतात, ती पुढे झुकत असे आणि काडतुसाचे टोक खाली जात असे. अमेरिकी सैन्यालाही याच दोषाने बरीच वर्षे सतावले. त्यांनी आधी हिरव्या रंगाची सुधारलेली पट्टी आणली आणि २००९ मध्ये न झुकणारी, मातकट रंगाची. मी पट्टी बदलली, सोबत अधिक ताकदीची स्प्रिंग बसवली आणि माझा प्रश्न सुटला. काळी_माती दादांनीही जोरदार स्प्रिंग शोधून पाहावी.

आर्मरर_पुलगाव

तुषार, आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु स्प्रिंगबद्दलच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. सेमी-ऑटोमॅटिक आणि बोल्ट अ‍ॅक्शन यांत जो मूळ फरक आहे तो इथे आडवा येतो.

आमच्या एसएलआरमध्ये, म्हणजे सैन्यातल्या सेल्फ-लोडिंग रायफलीत, गोळी सुटली की वायूच्या दाबाने बोल्ट मागे फेकला जातो आणि क्षणार्धात परत येतो. बोल्ट मागे असतानाच्या त्या अतिशय थोड्या वेळात स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणून कडांखाली टेकवले पाहिजे. स्प्रिंग मंद असली की बोल्ट आधी पोहोचतो आणि काडतुसावरून निघून जातो, किंवा त्याच्या मध्यावर धडकतो. हा दोष प्रामुख्याने मॅगझिनमधल्या शेवटच्या एक-दोन काडतुसांवर दिसतो, कारण तोवर स्प्रिंग जवळजवळ पूर्ण उघडलेली असते आणि तिचा जोर सर्वांत कमी झालेला असतो. उलट, पूर्ण भरलेल्या मॅगझिनचे पहिलेच काडतूस अडत असेल तर तिथे दाब आणि घर्षण जास्त झालेले असते. म्हणूनच मी वहीत कितवे काडतूस ते लिहायला सांगितले.

बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये मात्र बोल्ट माणसाच्या हाताने चालतो आणि काडतुसाला वर यायला भरपूर वेळ मिळतो. तिथे जोरदार स्प्रिंग बसवल्याने काडतूस कडांवर अधिक घट्ट दाबले जाते, बोल्ट जड होतो आणि पातळ पत्र्याच्या कडा हळूहळू फाकतात. एका दोषाच्या जागी दोन दोष पदरी पडतात.

याला जोडून आणखी एक सांगतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मॅगझिनवर घातलेला आळ पुष्कळदा खोटा ठरतो. एसएलआरचा गॅस रेग्युलेटर (वायूचा दाब कमी-जास्त करणारा भाग) नीट लावलेला नसला, किंवा पॉइंट टू-टूच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये कमी दाबाची काडतुसे वापरली, तर बोल्ट पुरेसा मागेच जात नाही. मग तो नवे काडतूस कसे उचलणार? पाहणाऱ्याला वाटते की मॅगझिनने काडतूस वर दिले नाही. मी स्वतः एकदा आठ मॅगझिने बदलल्यानंतर गॅसचा स्क्रू दोन खाचा फिरवला आणि ती रायफल दिवसभर न अडता चालली.

तुषार_टेक्सास

हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. स्प्रिंगचा सल्ला मी मागे घेतो. एक विचारतो: निवडणुकीच्या काळात किंवा एरवीही मॅगझिन महिनोन्‌महिने भरलेले राहिले तर स्प्रिंग बसते, म्हणजे तिचा जोर कमी होतो का? इकडे यावर सतत वाद चालतो.

टर्नर_अंबाझरी

याचे उत्तर मी देतो. मी नागपूरच्या अंबाझरी आयुध निर्माणीत टूल-रूममध्ये काम केले आहे. चांगल्या पोलादाची आणि योग्य मापाची स्प्रिंग तिच्या लवचिकतेच्या मर्यादेत दाबून ठेवली तर ती फारशी बसत नाही. ती थकते ती वारंवार दाबल्या-सोडल्यामुळे आणि गंजामुळे. हलक्या तारेच्या किंवा नीट पाणी न दिलेल्या स्प्रिंगला मात्र हा नियम लागू नाही, ती नुसती ठेवूनही बसते, आणि स्वस्तातल्या मॅगझिनांत तीच असते. घरात मॅगझिन भरलेले ठेवूच नये, हे वेगळे सांगायला नको.

आता त्या कडांकडे वळतो. मूळ मॅगझिनच्या कडा योग्य जाडीच्या पत्र्यातून वळवून त्यांना पाणी दिलेले असते. पकडीने वाकवायला गेले की दोनपैकी एक होते. पत्रा कडक असेल तर वळणाच्या रेषेवर केसासारखी भेग जाते, जी आज दिसत नाही आणि दोन महिन्यांनी कड तुटते. पत्रा मऊ असेल तर वाकवलेली कड पाच-पन्नास गोळ्यांत पुन्हा पूर्वीच्या जागी जाते. शिवाय पकडीचे दात उमटतात आणि त्या खरवडीवर काडतूस अडू लागते ते वेगळेच.

वाकवण्याआधी मोजा. साधा व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) पुरेसा आहे. मूळ मॅगझिनच्या दोन कडांमधली फट पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजा आणि नव्या मॅगझिनांची तशीच मोजा. पॉइंट टू-टू काडतुसाच्या पुंगळ्याचा व्यास सुमारे ५.७ मिलिमीटर आणि बुडाच्या कडेचा सुमारे ७ मिलिमीटर असतो, म्हणजे सगळा खेळ सव्वा मिलिमीटरमध्ये चाललेला आहे. अर्ध्या मिलिमीटरची चूक इथे फार मोठी ठरते.

दुसरे, मॅगझिनच्या चारही बाजूंना काळ्या मार्करने रंग द्या, वाळू द्या, मग ते रायफलीत बसवून दहा वेळा आत-बाहेर करा. जिथे शाई घासून पत्रा चमकेल तिथे मॅगझिन घासते आहे. मॅगझिन रायफलीत धरून ठेवणाऱ्या खटक्याची खाच जिथे असते तिथली शाई विशेष लक्ष देऊन पाहा. टूल-रूममध्ये आम्ही यासाठी निळा रंग वापरत असू, घरी मार्करने तेच काम होते.

वणीचा_वकील

सर्वांच्या चर्चेतून खूप शिकायला मिळाले. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग येतात आणि कलम ५ नुसार शस्त्रांची निर्मिती, विक्री व दुरुस्ती करण्यासाठी परवाना लागतो. त्यामुळे मॅगझिन परवानाधारक दुकानातून पावती घेऊनच खरेदी करावे. ऑनलाइन कोठून तरी मागवू नये किंवा लेथवाल्याकडून बनवून घेऊ नये. ट्रॅक्टर मेकॅनिक कितीही कुशल असला तरी त्याच्या हातात हे काम देणे म्हणजे त्या बिचाऱ्यालाच अडचणीत टाकणे होय.

काळी_माती

वकील साहेब, पावती माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. मेकॅनिकला मी आजच नाही म्हणून सांगितले. त्यालाही हे ठाऊक नव्हते, तो दचकलाच.

नेम_अमरावती

मी २५ मीटर पिस्तूल प्रकारात स्पर्धा खेळते. माझे शस्त्र पॉइंट टू-टूचेच, पण सेमी-ऑटोमॅटिक, पाच-पाच काडतुसांच्या मॅगझिनचे. आमच्याकडे अडथळा म्हणजे केवळ चिडचिड नसते. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर पाच गोळ्या ८, ६ आणि शेवटी ४ सेकंदांत मारायच्या असतात. त्यात एक काडतूस अडले की मालिका हातची जाते आणि बिघाड नेमबाजाच्या चुकीने झाला असे पंचांना दिसले तर ती पुन्हा मारायला मिळत नाही. म्हणून आम्ही मॅगझिनांना जिवापाड जपतो.

अजून कोणी मेणाचा उल्लेख केलेला नाही. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पेटीतली काडतुसे हातात घेतली तर बोटे चिकट होतात. तेच मेण मॅगझिनच्या आतल्या भिंतींना लागते, त्यावर धूळ बसते आणि उचलणारी पट्टी अडखळत वर येते. मागच्या उन्हाळ्यात माझे एक मॅगझिन सतत अडू लागले. उघडले तर आत कापसाचे बारीक तंतू आणि काळसर मेण यांचा अक्षरशः नमदा झाला होता. आमच्या घराशेजारी जीनिंग आहे. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने आतून पुसले, पूर्ण कोरडे केले आणि त्रास थांबला.

मॅगझिनमध्ये तेल मात्र अजिबात घालू नका. तेलावर धूळ अधिक धरते. गंजाची भीती असेल तर बाहेरून तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि आतला भाग कोरडाच ठेवा.

टर्नर_अंबाझरी

ताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. उघडताना मूळ मॅगझिनची स्प्रिंग कोणत्या बाजूने बसलेली होती याचा फोटो आधी काढून ठेवावा. उलटी बसवलेली स्प्रिंग पट्टीचे पुढचे टोक खाली झुकवते. नव्या मॅगझिनमध्ये कारखान्यातच ती उलटी बसलेली मी पाहिली आहे.

वऱ्हाडी_नेमबाज

माझी एक भर. बसून किंवा झोपून मारताना बरेच जण रायफल वाळूच्या पिशवीवर अशी टेकवतात की वजन मॅगझिनवर येते. ढिल्या मॅगझिनचा कोन त्याने बदलतो. काळी_माती भाऊ, आपण तसे तर करत नाही ना? वही भरताना पिशवी मॅगझिनच्या पुढे, लाकडाखाली ठेवा.

काळी_माती

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. मध्ये सोयाबीनची काढणी आली, म्हणून उशीर झाला.

रेंजवर प्रत्येक मॅगझिन दहा वेळा भरून, म्हणजे प्रत्येकी ५० गोळ्या मारून पाहिल्या. बाभूळ भाऊंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक काडतुसाची कड तपासून भरली आणि पिशवी लाकडाखालीच ठेवली. १ क्रमांकाच्या, म्हणजे मूळ मॅगझिनमध्ये एकही अडथळा आला नाही. २ क्रमांकामध्ये ७ अडथळे आले आणि सातही वेळा तिसऱ्याच काडतुसाचे टोक खाली आपटले. ३ क्रमांकामध्ये ११ अडथळे आले, ते कोणत्याही काडतुसावर येत होते आणि दर वेळी बोल्ट वरून निघून गेला. वही डोळ्यांसमोर धरली तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी ज्याला एक त्रास समजत होतो ते दोन अगदी वेगळे त्रास आहेत.

घरी दोन्ही मॅगझिने रिकामी करून पाहिली. २ क्रमांकामध्ये कडुनिंबाची सोललेली काडी घालून पट्टी हळूहळू खाली दाबली. दोन काडतुसांइतकी खोली होईपर्यंत ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली आणि मग एका जागी बारीकशी 'टिक' झाली. सोडली की वर येतानाही त्याच जागी टिक होऊन पट्टीचे पुढचे टोक क्षणभर मागे राहायचे. तळ उघडून उजेडात धरले तर आतल्या सांध्यावर वेल्डिंगचा मोहरीएवढा दाणा राहून गेलेला दिसला आणि पट्टीच्या पुढच्या कडेवर त्याचा चमकता ओरखडा.

३ क्रमांकाला टर्नर साहेबांची मार्करची युक्ती केली. खटका खाचेच्या वरच्या धारेवर बसायला हवा, तर शाई खाचेच्या आत बरीच खालपर्यंत खरवडलेली निघाली. मूळ मॅगझिनशेजारी ठेवून मोजले तेव्हा त्याची खाच जवळपास एक मिलिमीटर जास्त उंचीवर कापलेली आढळली. म्हणजे मॅगझिन रायफलीत तेवढेच खाली लटकते आहे. डमी काडतुसे भरून तळाला बोटाने वर दाब दिला तर बोल्ट प्रत्येक वेळी काडतूस उचलतो; बोट काढले की पुन्हा वरून जातो. कडांची फट दोन्हींची मूळ मॅगझिनसारखीच आहे.

आर्मरर_पुलगाव

शाबास. याहून स्वच्छ निदान पलटणीच्या वर्कशॉपमध्येही झाले नसते. मेकॅनिकने कडा वाकवल्या असत्या तर निर्दोष असलेला एकमेव भाग बिघडला असता.

२ क्रमांकाचा दाणा परवानाधारक बंदूक-कारागीर बारीक कानशीने घासून पॉलिश पेपरने गुळगुळीत करून देईल. काम लहान आहे. ३ क्रमांकाचे मात्र मला दुरुस्त करावेसे वाटत नाही. खाचेत धातू भरून ती नव्याने कापायची म्हणजे वेल्डिंगची उष्णता पत्र्याला लागणार आणि तो वाकणार. पावती आणि वहीतले ते पान घेऊन दुकानदाराकडे जा.

वणीचा_वकील

दोष आपण हाताने काहीही न बदलता दाखवू शकता, ही आपली सर्वांत भक्कम बाजू आहे. दोन्ही खाचांचे एकाच चौकटीतले फोटो सोबत ठेवा.

तुषार_टेक्सास

दादा, एक विचारतो. केवळ पन्नास मीटरचा सरावच करायचा असेल तर एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये घालून मारणे चालत नाही का? ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत तसेही एकेकच भरतात.

काळी_माती

चालते, आणि मी तसे करूनही पाहिले. पण वडिलांनी मला याच रायफलीवर पाच गोळ्यांची मालिका एका श्वासाच्या लयीत मारायला शिकवले होते, बोल्ट ओढताना गाल लाकडावरून न उचलता. एकेक भरताना डोके उठते आणि ती लय मोडते. या रायफलीसाठी बाहेरून सुटे भाग येणे ऐंशीच्या दशकातच आटले, म्हणून जे आहे ते टिकवण्याची एवढी धडपड आहे.

नेम_अमरावती

काका, मग मूळ मॅगझिन रोजच्या सरावाला वापरू नका. २ क्रमांकाचे दुरुस्त होऊन आले की सराव त्याच्यावर करा आणि मूळचे कोरडे करून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा. खोळीत तर मुळीच नको.

काळी_माती

सर्वांना कळवतो. दुकानदाराने वही आणि फोटो पाहून ३ क्रमांकाचे मॅगझिन परत घेतले. बदलीचे देताना मी मूळ मॅगझिन सोबत नेले होते आणि काउंटरवरच व्हर्नियरने खाच मोजून मगच घेतले. २ क्रमांक कारागिराने माझ्यासमोर घासून दिले. काल रेंजवर त्याच्या ५० गोळ्या मारल्या, एकही अडली नाही. नव्या मॅगझिनने ५० मध्ये दोनदा अडथळा दिला, दोन्ही वेळा पूर्ण भरलेल्या मॅगझिनच्या पहिल्या काडतुसावर. आर्मरर साहेब, आपण वर सांगितलेले दाबाचे आणि घर्षणाचे लक्षण हेच का?

आर्मरर_पुलगाव

तेच दिसते. नवी स्प्रिंग अजून कडक आहे. पुढच्या वेळी त्यात चारच काडतुसे भरून पन्नास गोळ्या मारा आणि वहीत वेगळे पान करा. चारांवर नीट चालले तर डमी काडतुसांवर पाच-पन्नास वेळा भरून-रिकामे करून पुन्हा पाच भरून पाहा. आकडे इथे जरूर लिहा, मी वाट पाहतो.